वाचक विचारतात: नर सिंहांच्या टोळ्या, सबी सँडपासून गीरपर्यंत

मागच्या अंकात दक्षिण आफ्रिकेतल्या सबी सँड गेम रिझर्व्हबद्दल थोडंसं लिहिलं होतं, तिथे चार-पाच नर सिंह एकत्र येऊन इलाका कसा धरतात एवढंच, आणि त्यावर इतके मेल आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

नाशिकहून: मापोगो नावाच्या सहा सिंहांच्या टोळीचे व्हिडिओ माझा मुलगा दिवसरात्र बघतो. हे खरंच होते का? आणि सहाच्या सहा सख्खे भाऊ होते का? शेवटी त्यांचं काय झालं?

खरेच होते, आणि अगदी अलीकडचे होते. सबी सँड म्हणजे क्रूगर नॅशनल पार्कच्या पश्चिमेला लागून असलेलं खासगी रिझर्व्ह, साधारण ६५,००० हेक्टरचं. क्रूगर आणि सबी सँडमधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, तेव्हापासून प्राणी दोन्हीकडे मोकळे फिरतात. हे लक्षात ठेवा, कारण नवे नर येतात ते याच मोकळ्या बाजूने.

२००६ च्या सुमारास सहा तरुण नरांनी तिथे इलाका घ्यायला सुरुवात केली. त्या भागात मापोगो नावाने ओळखला जाणारा एक खासगी सिक्युरिटी ग्रुप होता, त्यावरून गाइड लोकांनी हे नाव ठेवलं. सहापैकी पाच एकाच कळपात वाढलेले, आणि सहावा मकुलू, तो वयाने मोठा आणि बाहेरून येऊन त्या कळपात सामील झालेला, असं तिथले गाइड सांगतात. म्हणजे सहाही सख्खे नव्हेत. बाकीच्यांत मिस्टर टी, किंकी टेल, प्रिटी बॉय ही नावं तुमच्या मुलाला पाठ असणारच.

आता सहा हा आकडा किती मोठा आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी नर दोघं किंवा तिघंच असतात, चार म्हणजे मोठी टोळी. सहा जण एकदम आले की समोरच्या दोघा-तिघांना लढायलाही अर्थ उरत नाही, पळायचं किंवा मरायचं. त्यामुळे मापोगोंनी सिंहिणी आणि छाव्यांचे कळप एकामागून एक घेतले, तिथल्या नरांना हाकललं, काहींना मारलं, छावे मारले, काही सिंहिणीही मारल्या. किती मारले याचे चाळीस, शंभर असे आकडे व्हिडिओवाले सांगतात, ते सगळे अंदाज आहेत, मुलाला तसं नक्की सांगा.

पण एवढा मोठा इलाका सहा जणांनाही एकत्र राहून सांभाळता येत नाही. हळूहळू टोळी फुटली, मिस्टर टी आणि किंकी टेल एका बाजूला गेले, बाकीचे दुसऱ्या बाजूला. आणि मग जून २०१० मध्ये क्रूगरच्या बाजूने पाच नवे नर आले, ज्यांना पुढे मजिंगिलाने म्हणायला लागले. मिस्टर टी आणि किंकी टेलने त्यातल्या एकाला गाठून मारलं, पण उरलेले चौघं पुढे आले आणि त्यांनी किंकी टेलला मारलं. मिस्टर टी एकटा पडला, तो परत आपल्या जुन्या साथीदारांकडे गेला, आणि तिथे जाऊन त्याने त्यांच्याच कळपातले छावे मारले. तोही मार्च २०१२ मध्ये दक्षिणेकडून आलेल्या चार नरांच्या टोळीकडून मारला गेला. त्यानंतर मकुलू आणि प्रिटी बॉय हे दोघं म्हातारे एकमेकांच्या सोबतीने इलाका सोडून गेले. मजिंगिलाने चौघांनी मात्र पुढे बरीच वर्षं तिथे राज्य केलं.

माझं मत विचाराल तर मुलाला हे व्हिडिओ बघू द्या, पण २००६ ते २०१२ असा पूर्ण क्रम लावून बघायला सांगा. बहुतेक क्लिपमध्ये फक्त जिंकण्याचा भाग असतो आणि टोळीला क्रूर गँगस्टर केलेलं असतं. त्यांनी जे केलं ते प्रत्येक टोळी करते, यांची संख्या जास्त होती म्हणून जास्त झालं. आणि संख्या कमी झाल्यावर त्यांच्याबाबतीतही तेच झालं.

कोल्हापूरहून: छावे मारतानाचा एक व्हिडिओ बघितला आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. गाइड लोक समोर गाडी लावून शूट कसं करतात, थांबवत का नाहीत? आणि त्या आया काहीच करत नाहीत का?

ताई, तुमचा मेल वाचून मला वाईट वाटलं, आणि ते बघणं सोपं नाहीच, तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या ट्रॅकरलाही नाही.

आधी कारण सांगतो. सिंहीण छाव्यांना वाढवत असते तोवर साधारण दीड-दोन वर्षं ती पुन्हा माजावर येत नाही. आणि एका टोळीच्या हातात कळप राहतो सरासरी दोन-तीन वर्षं. म्हणजे नव्या नरांनी आधीच्या नरांचे छावे मोठे व्हायची वाट बघितली तर त्यांचा स्वतःचा काळच संपतो, त्यांचे छावे जन्मलेच तरी दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत त्यांना राखायला बाप तिथे नसणार. छावे गेले की सिंहीण काही दिवसांत-आठवड्यांत पुन्हा माजावर येते. टांझानियातल्या सेरेंगेटीत क्रेग पॅकर आणि अ‍ॅन पुसी या सिंह-अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, त्यात पहिल्या वर्षात मरणाऱ्या छाव्यांपैकी साधारण एक चतुर्थांश या कारणाने जातात असं निघालं.

आया काही करत नाहीत असं अजिबात नाही. कळपातल्या सिंहिणी आपापले छावे एकत्र ठेवतात, सगळ्या मिळून सांभाळतात आणि दूधही पाजतात, याचं मोठं कारण नर आले तर एकीपेक्षा चौघी बऱ्या हेच आहे. त्या लढतात, जखमी होतात, कधी मरतात. मोठे छावे असतील तर त्यांना घेऊन कळपापासून लांब निघून जातात आणि महिनोन्‌महिने बाहेरच राहतात. आणि अजून एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटते: नवे नर आल्यावर सिंहिणी माजावर येतात, मीलनही खूप होतं, पण पहिले तीनेक महिने गर्भ मात्र सहसा राहत नाही. पॅकर-पुसींचं म्हणणं असं की या काळात आजूबाजूचे अजून नर येतात, त्यांची झुंज होते, आणि जी टोळी टिकेल तिचेच छावे सिंहीण वाढवते. म्हणजे तिच्या पुढच्या पिल्लांना बाप टिकाऊ मिळतो.

गाइड थांबवत नाहीत कारण तो नियम आहे आणि माझ्या मते बरोबर नियम आहे. माणसाने लावलेल्या फासात प्राणी अडकला तर पशुवैद्यक बोलावतात, बेशुद्ध करून फास काढतात, तिथे मागेपुढे बघत नाहीत. पण सिंहाने सिंहाला मारताना मध्ये पडायचं तर कोणाच्या बाजूने पडणार? आज ज्या छाव्याला वाचवलं तोच चार वर्षांनी दुसरीकडे जाऊन हेच करणार आहे. ताडोबातही नवा नर वाघ आला की आधीच्या नराची पिल्लं धोक्यात येतात, तिथेही वनखातं वाघांमध्ये पडत नाही.

गाडी लावून शूट करण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. अशा वेळी गाड्यांनी अंतर ठेवावं, सिंहिणीला पळायची वाट अडवू नये, चांगले गाइड ते पाळतात. आणि ती क्लिप म्युझिक लावून टाकू नये, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

सोलापूरहून: मी शाळेत शिकवते. शिकार सिंहीण करते आणि सिंह आयतं खातो असं आम्ही सांगत आलो. हे अजून शिकवायचं का?

बाई, अर्धं शिकवा. मोकळ्या गवताळ सेरेंगेटीत कळपाबरोबर राहणारा नर बऱ्याचदा सिंहिणींच्या शिकारीवर हात मारतो हे खरं. पण जे नर इलाक्याच्या सीमेवर दिवसेंदिवस फिरत असतात त्यांच्याबरोबर सिंहिणी नसतातच, मग ते खाणार काय? क्रूगरमध्ये अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नर स्वतः चांगली शिकार करतात, खासकरून केप बफेलो या आफ्रिकन रानम्हशीची, ज्याचं वजन सहज पाचशे किलोच्या पुढे असतं. मग २०१३ मध्ये अजून एक पेपर आला, त्यात सिंहांना जीपीएस कॉलर लावून आणि विमानातून लेझरने झाडोरा मोजून बघितलं, तर नर दाट झाडीत दबा धरून मारतात आणि सिंहिणी मोकळ्यावर. म्हणजे इतकी वर्षं नर आळशी वाटत होते त्याचं एक कारण त्यांची शिकार झाडीत व्हायची आणि आपल्याला दिसायची नाही. मापोगो तर बफेलो आणि जिराफ मारण्यासाठी प्रसिद्ध होते.

झोपतात मात्र भरपूर, दिवसाचे अठरा-वीस तास, ते नर काय आणि मादी काय.

नागपूरहून: आम्ही ताडोबाचे नेहमीचे. पगमार्क, सांबराचे कॉल यावर वाघ शोधतो, सापडला तर सापडला. तिथे रोज तेच सिंह कसे दाखवतात? कॉलर असते का?

कॉलर काही ठिकाणी, काही सिंहांना, अभ्यासासाठी असते, पण तुम्हाला सिंह दाखवायला सहसा ट्रॅकरच असतो. सबी सँडमध्ये गाडीच्या बॉनेटवर पुढे डाव्या बाजूला एक छोटी सीट असते, तिच्यावर ट्रॅकर बसतो, बरेचसे ट्रॅकर तिथल्याच शांगान समाजाचे, आणि त्यांचं काम बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे. तुम्ही ताडोबावाले असल्यामुळे तुम्हाला ते सगळ्यात जास्त आवडेल.

काम सुरू होतं पहाटे, डोळ्यांनी नाही तर कानांनी. सिंहाची डरकाळी शांत हवेत आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, त्यामुळे कॅम्पमध्ये चहा पितानाच गाइड लोक आपसात ठरवतात की आवाज कुठून आला, एक होता की तीन. यातही एक गंमत आहे, इलाका हातात असलेले नर खुशाल ओरडतात पण भटके नर, ज्यांचा अजून कुठेच जम बसलेला नाही, ते गप्प असतात, कारण आवाज केला की मार खायची वेळ. म्हणजे अनोळखी नरांचे ठसे दिसतायत आणि रात्री आवाज नाही, तर काहीतरी शिजतंय असं ट्रॅकर समजतात.

मग ठसे. नर गस्त घालताना झाडीतून जात नाहीत, सरळ मातीच्या रस्त्याने चालतात, सोपं पडतं ना. ठशाची कडा धारदार आहे की ढासळलीये, दव पडायच्या आधीचा की नंतरचा, त्यावरून रात्रीचा किडा गेलाय का, एखाद्या हरणाचा खूर वर पडलाय का, यावरून किती वाजता गेले ते सांगतात. ठसे रस्ता सोडून आत वळले की ट्रॅकर कधीकधी गाडीतून उतरून पायी जातो आणि गाइड पाहुण्यांना घेऊन पुढच्या रस्त्यावर बघतो की ठसे बाहेर निघालेत का, नाही निघाले तर सिंह त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या मधल्या तुकड्यात आहेत. असं करत करत ब्लॉक लहान करत आणतात. शिवाय इम्पाला हरणांचे कॉल, माकडं, गिधाडं झाडावर बसलीयेत का जमिनीवर उतरलीयेत, सगळं आलंच. आणि रेडिओ आहे, एका गाडीला दिसलं की बाकीच्यांना कळतं, पण एका वेळी दोन-तीनच गाड्या जवळ जाऊ देतात, बाकीच्या लांब थांबतात. आपल्याकडे एका वाघामागे जिप्सींची जी रांग लागते ती बघता मला हा नियम फार हवाहवासा वाटतो.

तोच सिंह कशावरून, तर मिशांच्या ठिपक्यांवरून. मिशांच्या वरच्या ओळीतले ठिपके प्रत्येक सिंहाचे वेगळे असतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, १९७० पासून अभ्यासक ही पद्धत वापरतायत. वाघाचे पट्टे तसंच हे. रोजच्या कामात मात्र फाटलेला कान, जुनी जखम, नाकाचा रंग, वाकडी शेपटी, किंकी टेलचं नाव त्यावरूनच पडलं.

दुबईहून: सख्खे नसलेले नर एकत्र का राहतात? आपल्या रक्ताच्या नसलेल्या सिंहासाठी कोणी जीव का देईल?

कारण एकट्याचं काही चालत नाही. तरुण नराला दोन ते चार वर्षांचा झाल्यावर कळप सोडावा लागतो, बरोबर भाऊ असतील तर ठीक, एकटाच जन्मला असेल तर त्याला दुसरा असाच एकटा शोधावा लागतो. सेरेंगेटीतल्या सिंहांची डीएनए तपासणी १९९१ मध्ये छापून आली, त्यात स्पष्ट दिसलं की चार किंवा जास्त नरांच्या टोळ्या जवळच्या नात्यातल्याच असतात, पण दोघा-तिघांच्या टोळीत परके खूप असतात. कारण मोठ्या टोळीत काही नरांच्या वाट्याला पिल्लं येतच नाहीत, तिथे परक्याला राहण्यात फायदा नाही, भावाला आहे, कारण पुतणे तरी वाढतात.

झिम्बाब्वेच्या ह्वांगे नॅशनल पार्कमधला सेसिल नावाचा सिंह तुम्हाला आठवत असेल, २०१५ मध्ये एका परदेशी शिकाऱ्याने मारला तो. त्याचा साथीदार जेरिको त्याचा भाऊ नव्हता. सेसिल गेल्यावर जेरिको त्याचे छावे मारेल अशी सगळ्यांना भीती होती, तसं झालं नाही, त्याने ते कळप सांभाळले. लोक याला मैत्री म्हणतात. मी शास्त्राच्या बाहेर जाऊन सांगतो, मलाही तोच शब्द जवळचा वाटतो.

ठाण्याहून: आपल्या गीरमध्येही अशा टोळ्या आहेत का? की हे आफ्रिकेतच?

आहेत, आणि गीरवरचं काम तर जगात गाजलंय, पण आपल्याकडे त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. गीरमध्ये नर आणि माद्या बहुतेक वेळ वेगवेगळे राहतात. तिथलं मुख्य भक्ष्य चितळ, जे पन्नास किलोच्या आसपास, त्यावर मोठा कळप पोसला जात नाही, म्हणून नर मीलनाला किंवा मोठ्या शिकारीवरच सिंहिणींबरोबर दिसतात. नर बहुतेक दोघं-तिघं, सहाची टोळी तिथे दिसत नाही.

यादवेंद्रदेव झाला आणि स्तोत्र चक्रवर्ती या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवलं की गीरच्या नर-टोळ्यांमध्ये कडक उतरंड असते. वरचढ नराला ७० टक्क्यांहून जास्त मीलनं मिळतात आणि खायलाही जोडीदारापेक्षा बरंच जास्त. मग खालचा का राहतो? कारण एकटा राहिला तर तेवढंही मिळत नाही. दोघं मिळून इलाका टिकतो, एकट्याचा टिकत नाही.

दुसरं काम २०१९ चं आणि ते मला जास्त आवडतं. गीरची सिंहीण आजूबाजूच्या एकाहून जास्त टोळ्यांच्या नरांशी मीलन करते, त्यामुळे पिल्लं नक्की कोणाची हे कोणत्याच नराला कळत नाही, आणि छाव्यांचा जीव वाचतो. कोल्हापूरच्या ताईंनी हे जरूर वाचावं, आया काय करू शकतात याचं उत्तर आपल्या शेजारच्या राज्यातच आहे.

गीरमध्ये २०२० ला ६७४ सिंह होते, २०२५ च्या गणनेत ८९१ झाले, आणि त्यातले खूपसे आता अभयारण्याच्या बाहेर, शेतांमध्ये आणि समुद्रकिनाऱ्याकडे राहतात. म्हणजे टोळ्यांच्या सीमा आता गावांतून जातात. एवढे सगळे सिंह एकाच भागात एकवटलेले असणं ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते, एक मोठी साथ आली तर पुरे, आणि २०१८ मध्ये डिस्टेम्पर या विषाणूच्या रोगाने त्याची झलक दाखवलीच आहे. दुसरं घर लवकर व्हायला हवं.

अमरावतीहून: काळी आयाळ असलेला सिंह जास्त ताकदवान असतो का?

साधारणपणे हो. सेरेंगेटीत खऱ्या आकाराचे सिंहाचे पुतळे ठेवून प्रयोग केला, २००२ मध्ये छापून आला. सिंहिणी गडद आयाळवाल्याकडे गेल्या, नर मात्र लांब आयाळवाल्याला टाळून आखूड आयाळवाल्याकडे गेले. गडद आयाळवाल्यांना खायला चांगलं मिळत होतं आणि त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन हे नरांचं हार्मोनही जास्त होतं. पण गडद आयाळ उन्हात तापते, तो खर्च आहेच.

पुण्याहून: आम्ही दोघं रिटायर्ड आहोत. एखाद्या टोळीला नीट फॉलो करायचं असेल तर कुठे आणि कसं जावं? सबी सँडचे दर बघून घाम फुटला.

दर खरंच खूप आहेत, कारण राहणं, जेवण, सकाळ-संध्याकाळची राइड, गाइड, ट्रॅकर सगळं त्यात आलं, आणि तिथे गाडी रस्ता सोडून सिंहाच्या मागे झाडीत नेता येते, रात्री स्पॉटलाइट लावून फिरता येतं. जमत असेल तर एकाच लॉजला सलग तीन-चार रात्री राहा, लॉज बदलत फिरू नका. पहिल्या दिवशी गाइडला सांगा की आम्हाला बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, बफेलो) यादी पूर्ण करायची नाही, या टोळीमागेच जायचंय. गाइड लोक खूश होतात, कारण बहुतेक पाहुणे एक सिंह दिसला की आता बिबट्या म्हणतात.

नसेल जमत तर क्रूगर. सरकारी रेस्ट कॅम्प बरेच स्वस्त, स्वतः गाडी चालवा, पण रस्ता सोडायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही, डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० च्या वर जायचं नाही, आणि संध्याकाळी कॅम्पचं गेट बंद व्हायच्या आत परत. सिंहांसाठी साताराच्या आसपास राहा, हो, कॅम्पचं नाव साताराच आहे. मे ते सप्टेंबर कोरडा सीझन, गवत कमी, पाणी ठरावीक जागी, त्यामुळे प्राणी दिसतात, पण पहाटे उघड्या गाडीत कडाक्याची थंडी असते, तेव्हा कानटोपी आणि जाड जॅकेट न्याच. मलेरियाचा भाग आहे, निघायच्या आधी डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला. व्हिसा लागतो, तो वेळेत करा.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. रेस्ट कॅम्पच्या बऱ्याच कॉटेजेसना छोटं किचन असतं आणि कॅम्पच्या दुकानात भाजी, तांदूळ, ब्रेड मिळतो, म्हणून बुकिंग करताना किचन असलेलीच खोली घ्या आणि मसाले घरून न्या.